दोरी घ्यावी पारखून, काठी असावी हाताजोगी

दिवाळी आटोपली, सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी झाली, की कौंडण्यपूरच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची संख्या वाढते. वर्धेचं गढूळ पाणी निवळलेलं असतं, डोह पुन्हा दिसू लागतात आणि कार्तिकातल्या यात्रेच्या निमित्ताने पाहुणेरावळेही गावात असतात. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. आज मात्र देवळाबद्दल नाही, देवळाखालच्या नदीत पडणाऱ्या दोरीबद्दल लिहायचं आहे. कृषी पानावर हा विषय कसा, असं कोणी विचारील. ज्याच्या शेतात शेततळं आहे आणि त्यात रोहू-कटल्याचं बी सोडलेलं आहे, तो मात्र विचारणार नाही.

झालं असं. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक घ्यायला मी तिकडे गेलो होतो. ट्रायकोडर्मा चोळून झाला, रायझोबियमचं पाकीट संपलं, मंडळी पांगली. एक पंचविशीतला पोरगा मात्र थांबला. त्याने मोबाईल पुढे केला.

"साहेब, हे पाहा जी. दोन हातानं फेकाची काठी हाय. दोरी, रीळ, सारं मिळून बारा हजार. घेऊ का?"

मी म्हटलं, "काहून घेतोस?"

"त्या कड्डीवर झाडी हाय मागं. आपली काठी मागं नेली का फांदीत अटकते. हे काठी मागं न्यावाच लागत नाई म्हणते."

पोरगं हुशार होतं. त्याने जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण बारा हजार रुपये म्हणजे दोन एकर हरभऱ्याचं बी, खत आणि एखाददुसरी फवारणी. म्हणून त्याला "घे" किंवा "नको" असं एका शब्दात सांगणं मला बरं वाटलं नाही. मी कृषी पदविकेचा माणूस, मत्स्यशास्त्राचा नव्हे. पण लहानपणापासून गळ टाकत आलो आहे आणि त्यात पैसेही बुडवले आहेत. त्याला काठावर बसून जे सांगितलं, तेच जरा नीट लावून इथे लिहितो.

ही दोन हातांची काठी मूळची स्कॉटलंडची. तिथे स्पे नावाची नदी आहे. काठावर झाडी आणि उंच दरड, मागे हात न्यायला जागा नाही, आणि मासा तर पात्राच्या मध्यावर. त्यातून बारा ते पंधरा फुटांची काठी आणि दोन हातांनी फेकण्याची पद्धत निघाली. दोरी पाण्यावरच एका बाजूला वळवून घ्यायची, पाण्याची पकड तिला जरा रोखते, तेवढ्यात काठी वाकते, आणि मग पुढे झटका द्यायचा. वरचा हात नुसता टेकू, जोर खालच्या हाताचा. पहारीने दगड उचलताना जसं एका टोकाला दाबतो आणि दुसरं टोक उठतं, तसाच हा हिशेब.

आपल्या गळात आणि त्यांच्या गळात खरा फरक दोरीचा आहे. आपण शिशाच्या वजनावर दोरी फेकतो. शिसं पुढे, दोरी त्याच्या मागे. गोफणीतला दगड जसा. त्यांच्या गळाला शिसं नसतं. गळावर पिसं-दोरे बांधून केलेली नकली माशी असते, तिला वजन जवळजवळ शून्य. मग ती चाळीस हात लांब जाते कशी? तर तिथे दोरीच जड असते. जाड, लेप दिलेली, टोकाकडे निमुळती होत गेलेली. बैल हाकायचा कोरडा आठवा. मुठीशी जाड, शेपटाशी बारीक. मुठीचा झटका शेपटापर्यंत वाढत जातो. ती दोरी म्हणजे पाण्यावरचा कोरडाच.

म्हणून त्या खेळात काठीपेक्षा दोरीची निवड मोठी, आणि तिथेच नवखा फसतो. दोरीवर नंबर असतो. आठ नंबरच्या एकहाती दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅम. पण दोन हातांच्या आठ नंबर काठीला लागणाऱ्या दोरीचं डोकं त्याच्या दुपटीहून जड असतं. नंबर एकच, वजन वेगळं. स्वस्त मिळाली म्हणून एकहाती आठ नंबर दोरी आणून दुहाती काठीला लावली, तर काठी वाकतच नाही आणि दोरी पायाशी गोळा होते. तेव्हा कोणी घेणारच असेल तर नंबर विचारू नये, वजन विचारावं. परदेशातले काटकसरी गळवाले आणखी एक करतात. अखंड लांब महाग दोरी न घेता पुढचं जड डोकं तेवढं घेतात आणि त्याच्या मागे साधं नायलॉन जोडतात. डोकं उडतं, नायलॉन त्याच्यामागे ओढलं जातं. दोन्ही टोकं सारखी निमुळती असलेली दोरी घेतली तर एक टोक झिजल्यावर उलटी करून वापरता येते. तरीही नुसती दोरी हजारांच्या घरात जाते, हे विसरू नका.

आता मुद्द्याचं. आपल्या वर्धेतले मासे त्या नकली माशीला भुलतात का? मरळ भुलतो, तो शिकारी आहे. बेडूक, लहान मासे, काय वाटेल ते गिळतो. महाशीर तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. मद्रास इलाख्यातला हेन्री सुलिव्हन थॉमस नावाचा इंग्रज अधिकारी १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खं पुस्तक लिहून गेला, त्यात महाशीरचं कौतुक भरपूर आहे. पण तो मासा आता इतका कमी झाला आहे, की लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याचं बी तयार करून सोडायला सुरुवात केली. आपल्या डोहात गळाला लागतात ते रोहू, मृगळ, कटला, वाम. रोहू-मृगळ हे शाकाहारी म्हणावेत असे. कणीक, ढेप, शेवाळ खाणारे. त्यांच्यापुढे पिसांची माशी नाचवून दिवस वाया जाईल. म्हणून माझं मत: शौक म्हणून, पैसा जास्तीचा असेल तर जरूर घ्या. घरी कालवण व्हावं किंवा शेततळ्यातले चार मासे विकावे, यासाठी ही काठी नव्हे.

पण त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी फुकटात घेण्यासारख्या आहेत. एक, काठी आणि दोरी यांचा मेळ. दुसरी, खालच्या हाताचा जोर.

पैसा दोरीवर घालावा

आमच्या गावाकडे लोक उलटं करतात. चकचकीत काठीवर हजार रुपये आणि दोरी पानटपरीच्या शेजारी टांगलेली. मासा मात्र काठीला नाही, दोरीला असतो.

नायलॉनच्या एकेरी दोरीला आपण तंगूस म्हणतो. तिच्या रिळावर जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ०.२० म्हणजे साधारण तीन किलोचा ताण, ०.३० म्हणजे सहा-सात किलो, ०.४० म्हणजे दहा-अकरा किलो. कंपनीगणिक थोडा फरक पडतो आणि काही रिळांवर वजन फुगवून छापलेलं असतं, म्हणून किलोपेक्षा जाडीवर भरवसा ठेवावा. जाडी दुप्पट झाली की ताकद दुप्पट नव्हे, चौपट होते; कारण ताकद आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. पाइपलाइन टाकताना दोन इंची आणि चार इंची पाइपाचा जो हिशेब, तोच इथे.

मग जाडच का घेऊ नये? जाड दोरी पाण्यात दिसते, ताठ राहते, गुंडाळ्या धरून ठेवते, वाऱ्यात लांब जात नाही. दोन किलोच्या रोहूला ०.३० किंवा ०.३५ पुरते. काठी लवचीक असेल तर झटका काठीच खाते. मरळासाठी मात्र ०.४० च्या खाली जाऊ नये. तो लागल्याबरोबर बेशरमीच्या झुडपात किंवा पाणवनस्पतीत घुसतो, तिथून त्याला खेचूनच काढावं लागतं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नायलॉन पाणी पितं. भिजल्यावर त्याची ताकद साधारण दहा-पंधरा टक्के घटते. त्याहून मोठं नुकसान गाठीने होतं. साधी गाठ मारली तर दोरी निम्म्या ताणालाच गाठीपाशी तुटते. म्हणजे दहा किलोची म्हणून आणलेली दोरी तुमच्या हातात पाच किलोचीही उरत नाही, आणि शिव्या दुकानदाराला. गाठ अशी मारा: दोरी गळाच्या डोळ्यातून काढा, तिच्याच अंगावर पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून मागे घ्या, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार झाला त्यातून पुन्हा काढा. आता घट्ट ओढण्याआधी थुंकी लावा. हो, थुंकीच. कोरडी ओढली तर घासून गरम होते आणि नायलॉन तिथेच जळतं. डोळ्याला दिसत नाही, पण मासा दाखवून देतो.

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका दुकानातून मी तंगूस घेतला. रीळ दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेलं होतं, छान निळसर. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, ४५ अंश. त्या काचेमागे ते रीळ किती उन्हाळे बसलं होतं कोणास ठाऊक. दुसऱ्याच दिवशी डोहात जड मासा लागला, काठी वाकली, आणि दोरी सुतळी तुटावी तशी तुटली. मासा मी पाहिलाही नाही. घरी येऊन दोरीचा तुकडा दोन हातांत धरून झटका दिला, कुठेही तुटत होती. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन कुजतं, हे मी स्वतः शेडनेटच्या बैठकीत शेतकऱ्यांना सांगत होतो. दोरी घेताना मात्र विसरलो.

तेव्हा रीळ घेताना आतल्या फळीवरचं मागा. पहिली दोन हात दोरी सोडून पुढच्या हातभर दोरीला झटका देऊन पाहा. नखावरून ओढून पाहा, खरबरीत लागली तर परत करा. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान. घरीही दोरी खुंटीला उन्हात टांगू नका. कापडी पिशवीत, सावलीत. हंगाम संपला की नवी घ्या. शंभर मीटरचं रीळ रोजच्या वापराला वर्षभर पुरतं आणि त्याची किंमत फवारणीच्या पंपाच्या एका नोझलपेक्षा फार नसते.

आता बाजारात विणलेली, रंगीत, सुतासारखी दोरी आली आहे. बारीक असून फार मजबूत, पण तिला ताण अजिबात नाही. नायलॉन वीस-पंचवीस टक्के ताणतं आणि माशाचा झटका पचवतं. ही पचवत नाही, हाताला गुंडाळली तर बोट कापते, आणि किंमत तिप्पट-चौपट. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पोरं संक्रांतीनंतर उरलेला नायलॉन मांजा गळाला लावतात, तेही बंद करा. काचेचा लेप असेल तर हात फाटतो. शिवाय २०१७ पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची त्या मांजावर बंदी आहे.

काठी बुरडाकडची

आपल्या वऱ्हाडाचा मानवेल बांबू ही गळाची उत्तम काठी आहे. जवळजवळ भरीव, चिवट, शेंड्याकडे आपोआप निमुळता. नळीसारखा पोकळ कळक यासाठी नको. पाऊस संपल्यावर, थंडीत तोडलेला बांबू घ्यावा. त्यात गोडवा कमी असतो, म्हणून भुंगा लागून पीठ पडत नाही. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत आडवा वाळवा. उभा ठेवला तर वाकडा होतो. धुऱ्यावर स्वतःच लावला असेल तर प्रश्नच नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढवलेला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, तोडायला वनखात्याचा परवाना लागत नाही.

दहा ते बारा फूट लांबी घ्या. इथे दोन हातांची युक्ती कामी येते. काठी बुडाशी एका हाताने आणि त्याच्या वर दीड-दोन हातांवर दुसऱ्या हाताने धरा. काठी डोक्यामागे न नेता खांद्याच्या बाजूला तिरपी ठेवा, गळ-शिसं समोर लोंबतं ठेवा, त्याला एक झोका द्या, आणि झोका पुढे जाताना खालचा हात पोटाकडे ओढा. वरचा हात ढकलायचा नाही. मागे झाडी असली तरी काही अडत नाही. त्या पोराला बारा हजारांत जे हवं होतं, ते बरंचसं यात मिळतं.

लांब टाकायचं असेल तर काठीला कड्या लावा. गंज न लागणारी तार वाकवून पाच-सहा कड्या करायच्या, सुती दोऱ्याने आवळून वर वॉर्निश. कडी आतून गुळगुळीत हवी, नाहीतर तीच दोरी कापते. रीळ नसलं तरी चालतं: जास्तीची दोरी पायाशी टोपल्यात मोकळी सोडा, फेकल्यावर ती आपसूक निघून जाते. पुढचं जड आणि मागचं बारीक, हा स्पे नदीचाच नियम टोपल्यात आला.

विकतची काठी घ्यायचीच तर काचतंतूची भरीव घ्या. जरा जड, पण बैलगाडीत टाकली तरी मोडत नाही. कार्बनची हलकी असते, पण एका ठोक्यात तडकते आणि विजेची उत्तम वाहक आहे. इथे थांबून दोनदा वाचा. आपल्या नदीकाठावर मोटरपंपांच्या तारा कशा गेलेल्या असतात हे तुम्ही रोज पाहता. लोंबकळणाऱ्या तारेखाली बारा फुटांची कार्बनची काठी किंवा ओला बांबू उभा धरणं म्हणजे मरण बोलावणं. तारेपासून दोन काठ्यांचं अंतर सोडून बसा. काठावरच्या केबलच्या जोडावर पाय देऊ नका. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी आपल्या हद्दीतल्या अशा जागा पाहून वीज कंपनीला लेखी कळवावं, तोंडी नव्हे.

गळ, बोया, शिसं

गळाचे नंबर उलटे चालतात. दहा नंबर लहान, चार नंबर मोठा, एकच्या पुढे १/०, २/० असे आणखी मोठे. रोहू-मृगळाला सहा ते चार, मरळाला १/० च्या पुढे. गळाचं टोक नखावर टेकवून पाहा; घसरलं तर बोथट आहे. टोकाजवळचा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासे थोडे सुटतात, पण गळ बोटात रुतला तर निघतो. पोरं सोबत असतील तर दाबाच. रुतला आणि गंजका असला, तर आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

बोयासाठी पैसे खर्चू नका. ज्वारीच्या वाळल्या धांड्याचं बोटभर पेर, साल काढून, झकास तरंगतं. तास-दोन तासांनी पाणी पिऊन जड होतं, तेव्हा दुसरं लावायचं. धांडे काय कमी आहेत? शिशाच्या गोळ्या दातांनी दाबायची सवय मात्र सोडा. शिसं विषारी आहे. पक्कड नसेल तर लोखंडी नट बांधा.

आणखी एक काटकसर. गळाजवळची हातभर दोरी मुख्य दोरीपेक्षा एक पायरी बारीक ठेवा. ०.३५ मुख्य असेल तर गळाशी ०.३०. खडकात अडकलं तर तेवढा तुकडा तुटतो आणि बोया-शिसं परत येतं. नाहीतर प्रत्येक अडकणीला वीस हात दोरी नदीत राहते. ती नदीत राहिलेली दोरी कुजत नाही. बगळ्याच्या पायात अडकते, पाण्यावर आलेल्या गाईच्या तोंडात जाते. तुटलेली दोरी खिशात घालून घरी आणा.

शेततळ्यात गळच बरा

२०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेपासून आपल्याकडे शेततळी वाढली, आणि ज्यांनी प्लास्टिक अंथरलं त्यांनी मत्स्यबीजही सोडलं. आमच्या भागातल्या एका संत्रा बागायतदाराने असंच केलं. तीस बाय तीसचं तळं, तीन मीटर खोल, ५०० मायक्रॉनचा कागद. मासे किलोवर आले. काढणीला माणसं बोलावली, त्यांनी ओढजाळं टाकलं, चौघे पाण्यात उतरले. मासे निघाले, पण जाळ्याच्या तळच्या वजनांनी आणि पायांनी कागद दोन जागी फाटला. कळलं तेव्हा पाणी अर्ध्यावर आलं होतं. माशांचे पैसे किती आले ते त्याने मला सांगितलं नाही. उन्हाळ्यात बागेला टँकरने पाणी घालताना मी त्याला पाहिलं आहे.

अशा तळ्यात रोज लागेल तेवढे मासे गळाने काढणं परवडतं. ताजा मासा गावातच जातो, बर्फ नको, गाडी नको. बारा फुटांच्या बांबूची पोच इथे नेमकी जुळते: काठाचा उतार एकास एक धरला तर पूर्ण खोली तीन मीटर आत सुरू होते, आणि बांधावर उभं राहून बांबू तेवढा पोचतो. फेकायचीही गरज नाही. पण गळसुद्धा कागदाला लागू शकतो, म्हणून बोया बांधलाच पाहिजे, गळ तळापासून निदान दोन फूट वर तरंगता हवा आणि काटा दाबलेला हवा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. तेव्हा रोहू-कटला गळाने मिळतील. मृगळ फार मिळणार नाही, तो तळं आटवण्याच्या वेळेसाठी ठेवा. आमिष म्हणून भाजलेल्या शेंगदाणा ढेपेचा चुरा आणि कणीक घट्ट मळून, चिमूटभर हळद. रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी थोडं खाद्य टाकत गेलात तर मासे तिथे गोळा होतात. कडाक्याच्या थंडीत मात्र खातच नाहीत, उन्हं चढल्यावर बसा.

कागदाच्या उतारावर पाय ठेवू नये. शेवाळ चढलेला कागद साबणासारखा असतो. पोहता येणारा माणूसही त्यावर चढू शकत नाही आणि बुडतो. गाठी मारलेला जाड दोर चारही बाजूंना खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेला असावा. हवा भरलेली ट्यूब असावी. या दोन गोष्टी नसतील तर गळाची दोरी घेण्याआधी तो दोर घ्या.

नदीवर बसणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. वरच्या अंगाला सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, १३ दरवाज्यांचं. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी पात्र भरतं. मधल्या खडकावर जाऊन बसायची हौस त्या दिवसांत नको. तलाठी, पोलिस पाटलांनी दिलेली दवंडी ऐका. जुलै-ऑगस्टात पोटात अंडी असलेली मादी लागली तर सोडून द्या, पुढच्या वर्षीचे मासे तेच आहेत. सुरुंग किंवा विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे, आणि नदीत करंट सोडणारे स्वतःही मरतात. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर गळ टाकण्याआधी संस्थेला विचारावं. भोई मंडळींचं पोट त्याच पाण्यावर आहे. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातल्या नद्यांवर तर गळ नेऊच नये, १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे लागू होतो. आणि कौंडण्यपूरच्या घाटावर, जिथे लोक अंघोळीला उतरतात, तिथे गळ टाकू नका. तुटलेला गळ उद्या एखाद्या म्हातारीच्या पायात जाईल.

त्या पोराचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्याने बारा हजार खर्च केले नाहीत. मानवेलाचा बांबू, ०.३५ चं रीळ, गळाची पुडी आणि नट मिळून साडेतीनशेच्या आत भागलं. पंधरा दिवसांनी हरभऱ्यावरची मर पाहायला गेलो तर काठावरच भेटला. पिशवीत दोन रोहू होते. मोबाईलमधलं ते चित्र त्याने अजून पुसलं नव्हतं.

"साहेब, दोन एकर हरभरा बरा झाला तं मग घेऊ का जी?"

मी म्हटलं, "मग आधी दोरीचं वजन किती ग्रॅम, ते विचारून ये."